भेंडी, सांवर आणि कोको : एका वनस्पतिकुलाची नवी वंशावळ

माघ संपत आला कीं सह्याद्रीच्या उतारावरील सांवर लांबूनहि ओळखूं येते. अंगावर एकहि पान नसतें आणि साऱ्या फांद्या जाड, तांबड्या फुलांनीं भरून गेलेल्या असतात. त्याच सुमारास शहरांतील एखाद्या घरीं भेंडी चिरली जात असते, मुलांसाठीं कोको उकळत असतो आणि कोठीच्या कोपऱ्यांत धान्यानें भरलेलें ज्यूटचें पोतें उभें असतें. सांवर, भेंडी, कोको आणि ज्यूट यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वनस्पतिशास्त्राच्या पुष्कळशा जुन्या ग्रंथांतहि या चार वनस्पति चार निरनिराळ्या कुलांत घातलेल्या आढळतात. भेंडी माल्व्हेसी म्हणजे भेंडी-कुलांत, सांवर बॉम्बॅकेसी म्हणजे शाल्मली-कुलांत, कोको स्टर्क्युलिएसी म्हणजे मुचकुंद-कुलांत आणि ज्यूट टिलिएसी म्हणजे परूषक-कुलांत. आज मात्र बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ या चौघांना एकाच कुलांत, भेंडीच्या कुलांत, ठेवतात. चार घरांचें असें एक घर कसें झालें, कोणत्या पुराव्यावरून झालें, आणि त्यांत अजून वादाचें काय उरलें आहे, हें समजून घेण्यासारखें आहे.

वनस्पतींचें वर्गीकरण करतांना जवळच्या जातींची मिळून एक प्रजाति मानतात आणि जवळच्या प्रजातींचें मिळून एक कुल. आतां 'जवळच्या' या शब्दाचा अर्थ काय करावयाचा, यावरच सारें अवलंबून असतें. फ्रान्समधील जुस्यू यांनीं १७८९ सालीं फुलांची रचना पाहून वनस्पतींचीं कुलें पाडलीं. भेंडी-कुल हें त्यांपैकींच एक. पुढें इंग्लंडांत बेंथॅम व हूकर यांनीं १८६२ ते १८८३ या काळांत जगांतील साऱ्या सपुष्प वनस्पतींची मांडणी करणारा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवर थिओडोर कुक यांचा जो ग्रंथ १९०१ ते १९०८ या वर्षांत बाहेर पडला, त्यांतहि हीच मांडणी स्वीकारलेली होती.

या मांडणीचा मुख्य आधार फुलांतील पुंकेसर हा होता. जास्वंदीच्या फुलाच्या मधोमध जी लांब दांडी दिसते, ती वस्तुतः एकमेकांना जुळलेल्या केसरांची नळी असते. आणि प्रत्येक केसराच्या टोकाशीं असलेल्या परागकोशाला एकच कप्पा असतो. हें भेंडी-कुलाचें लक्षण ठरलें. परूषक-कुलांत, म्हणजे फालसा, धामण व ज्यूट यांच्या कुलांत, केसर सुटे असतात आणि परागकोशाला दोन कप्पे असतात. मुचकुंद-कुलांत परागकोशाचे कप्पे दोनच, पण केसर बहुधा एकमेकांस जुळलेले. सांवरीचे परागकोश भेंडीसारखेच एका कप्प्याचे. परंतु तिचें मोठें वृक्षरूप, पंजासारखीं पानें, केसरांचे जुडगे आणि काटे नसलेले परागकण हीं लक्षणें वेगळीं. म्हणून पुष्कळांनीं तिला स्वतंत्र कुल दिलें. बेंथॅम व हूकर यांनीं मात्र तिला भेंडी-कुलांतच एका पोटविभागांत बसविलें होतें. एकाच झाडाचे दोन विद्वानांकडे दोन पत्ते असावे, ही गोष्टच सांगत होती कीं या कुलांमधल्या भिंती फारशा पक्क्या नव्हत्या.

भिंती पक्क्या नसण्याचें कारण असें कीं, दिसण्यांतील सारखेपणा दोन प्रकारांनीं येऊं शकतो. एक म्हणजे समान पूर्वजांकडून वारशानें आलेला. दुसरा म्हणजे सारख्या गरजेमुळें उत्पन्न झालेला. आफ्रिकेंतील गोरखचिंच आणि आग्नेय आशियांतील दुरियन यांचें उदाहरण घ्यावें. दुरियन म्हणजे मलायांत व थायलंडांत मोठ्या आवडीनें खाल्लें जाणारें, काटेरी सालीचें आणि उग्र वासाचें फळ. या दोन्ही झाडांचीं फुलें रात्रीं उमलतात, मोठीं व फिकट रंगाचीं असतात आणि त्यांत मध भरपूर असतो. कारण दोहोंचें परागण मुख्यतः वटवाघळें करतात. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकासाठीं मांडलेल्या दोन दुकानांची मांडणी सारखी दिसली, म्हणून दुकानदार भाऊभाऊ ठरत नाहींत. पण केवळ मांडणी पाहून नातें जुळवावयाचें असेल, तर ही चूक टाळणें कठीण असतें. जुन्या ग्रंथांत हीं दोन्ही झाडें शाल्मली-कुलांत शेजारीं शेजारीं होतीं.

दिसण्यावर अवलंबून नसलेला पुरावा पाहिजे होता. तो वनस्पतीच्या पेशींतच लिहिलेला असतो. प्रत्येक सजीवाच्या पेशींत डी. एन. ए. नांवाच्या द्रव्याचे लांब धागे असतात आणि त्यांवर चार रासायनिक घटक अक्षरांसारखे एकापुढें एक ओळीनें मांडलेले असतात. या अक्षरांचा जो तुकडा एखाद्या विशिष्ट कार्याची आज्ञा देतो त्याला जनुक म्हणतात. पिढीमागून पिढी या लेखाची नक्कल होत असते आणि नक्कल करतांना क्वचित् एखादें अक्षर बदलतें. बदललेलें अक्षर पुढच्या सर्व पिढ्यांकडे तसेंच उतरतें.

जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट चांगली परिचित आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम सुरू झालें आणि तें १९६६ सालीं पूर्ण झालें. त्या कामांत निरनिराळ्या प्रांतांतून व निरनिराळ्या लिपींतून आलेल्या पोथ्यांचा मेळ घालावयाचा होता. त्याचें एक मुख्य साधन म्हणजे पाठभेद. दोन पोथ्यांत बरोबर अक्षर सारखें असलें, तर त्यावरून विशेष कांहीं सिद्ध होत नाहीं. पण दोहोंत एकाच ठिकाणीं एकच चुकीचें अक्षर आढळलें, तर त्या दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्या असें अनुमान निघतें. अशा सामाईक चुका जमवीत गेलें कीं कोणती पोथी कोणत्या शाखेंतली, हें दाखविणारी वंशावळ तयार होते. पोथीचें बासन रेशमी आहे कीं सुती, अक्षर वळणदार आहे कीं गिचमिड, यांचा त्या वंशावळीशीं संबंध नसतो. वनस्पतींच्या जनुकांवरून वंशावळ काढण्याची रीत तत्त्वतः हीच आहे. एकच जनुक अनेक वनस्पतींतून वाचावयाचें, अक्षरें एकाखालीं एक मांडावयाचीं, आणि कोणते बदल कोणाकोणांत सामाईक आहेत हें पाहावयाचें. हजारों अक्षरांची ही जुळणी हातानें होण्यासारखी नसल्यामुळें तें काम संगणकाकडे सोंपविलें जातें.

पहिल्या टप्प्यांत यासाठीं हरितकणांतील जनुकें निवडण्यांत आलीं. हरितकण म्हणजे पानांना हिरवा रंग देणारे आणि सूर्यप्रकाशाच्या साह्यानें अन्न तयार करणारे पेशींतील सूक्ष्म घटक. त्यांचा स्वतःचा असा थोडासा डी. एन. ए. असतो. हवेंतील कर्बवायु बांधून घेणाऱ्या प्रथिनाचा एक भाग घडविणारें, सुमारें १,४०० अक्षरांचें एक जनुक साऱ्या हिरव्या वनस्पतींत सांपडतें. १९९३ सालीं ४२ शास्त्रज्ञांनीं मिळून सुमारें ५०० बीजधारी वनस्पतींतील या एका जनुकाची तुलना प्रसिद्ध केली. तेव्हांपासून जुन्या कुलांच्या सीमा एकामागून एक तपासल्या जाऊं लागल्या. भेंडी आणि तिच्या शेजाऱ्यांची पाळी लवकरच आली. १९९८ व १९९९ सालीं ॲल्व्हर्सन, बॉम, बायर, चेस इत्यादि संशोधकांनीं हरितकणांतील तीन निरनिराळ्या जनुकांवरून या चार कुलांची वंशावळ मांडली.

तींत जें दिसलें त्यानें जुनी मांडणी मुळापासून हालली. चार कुलें म्हणजे एका खोडाच्या चार स्वच्छ शाखा असतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत खोडापासून निघालेल्या शाखा नऊ होत्या आणि जुन्या कुलांपैकीं तीन तरी त्यांतील एकाहून अधिक शाखांवर विखुरलेलीं होतीं.

परूषक-कुलाला ज्या झाडावरून टिलिएसी हें नांव मिळालें, तें यूरोपांतील टिलिया नांवाचें झाड एका बाजूला निघालें, आणि त्याच कुलांत धरलेले फालसा, धामण व ज्यूट अगदीं दुसऱ्या बाजूला. मुचकुंद-कुलाचीहि तीच गत झाली. ज्याच्यापासून डिंक मिळतो तो पांढऱ्या सालीचा कांडोळ वृक्ष आणि कोको हीं दोन्हीं एकाच कुलांतलीं मानलीं जात. पण वंशावळींत कोको हा फालसा व ज्यूट यांच्या बाजूला गेला आणि कांडोळ हा भेंडी व सांवर यांच्या बाजूला राहिला. म्हणजे कांडोळाला कोकोपेक्षां कापूस जवळचा निघाला. खुद्द मुचकुंदाची शाखा या दोहोंहूनहि निराळी ठरली.

दुरियनची कथा तर याहून विलक्षण आहे. शाल्मली-कुलांतून उचलून त्याला जेथें बसवावें लागलें तेथें आधींपासून बसलेली वनस्पति म्हणजे मुरुडशेंग. बाळगुटींत उगाळल्या जाणाऱ्या त्या पिळदार शेंगेचें झुडूप पश्चिम घाटांत सर्वत्र आढळतें आणि जुन्या ग्रंथांत तें मुचकुंद-कुलांत असे. माणसाच्या डोक्याएवढें काटेरी फळ आणि करंगळीएवढी पिळलेली शेंग यांत कोणाला नातें दिसावें! पण २००० सालीं हरितकणांबरोबरच पेशीकेंद्रांतील डी. एन. ए. तपासूनहि हेंच उत्तर आलें. उलट सांवर, पांढरी सांवर व गोरखचिंच हीं झाडें भेंडी, कापूस, जास्वंद व अंबाडी यांना लागूनच राहिलीं. बेंथॅम व हूकर यांनीं सांवरीला भेंडीच्या घरांत ठेवण्यांत जें दाखविलें होतें, तें नातें या बाबतींत खरें ठरलें.

यावरून फुलें, पानें व फळें यांचा जुना अभ्यास व्यर्थ गेला, असें मात्र समजूं नये. १९९७ सालीं जड व मँचेस्टर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं बाह्य लक्षणें, काष्ठाची रचना, परागकण व रासायनिक द्रव्यें यांवरूनच हीं चार कुलें एक करावीं, असें सुचविलें होतें. जनुकांनीं नवी वंशावळ दिल्यावर जुनीं लक्षणें पुन्हां नव्या दृष्टीनें पाहतां आलीं. भेंडी चिरतांना सुरीला लागणारा बुळबुळीत रस, ज्यूट, अंबाडी व धामण यांच्या सालींतील चिवट धागे, पानांवरील चांदणीच्या आकाराचे सूक्ष्म केस, हीं सर्व लक्षणें साऱ्या मोठ्या कुलांत पसरलेलीं आहेत. आणखी एक लक्षण फार मोलाचें ठरलें. या कुलांतील फुलांचा मध बहुधा हिरव्या बाह्यदलांच्या आंतल्या बाजूस दाटीनें उगवलेल्या ग्रंथिल केसांतून स्रवतो. इतर कुलांत अशी रचना क्वचितच सांपडते. खूण डोळ्यांपुढेंच होती. पण केसरांच्या नळीकडे लक्ष लागल्यामुळें तिला मिळावयास हवें तें वजन मिळालें नव्हतें.

जनुकांच्या पुराव्यालाहि मर्यादा आहेत. हरितकण बहुतेक सपुष्प वनस्पतींत केवळ मातेकडून संततीकडे जातात. तेव्हां त्यांवरून काढलेली वंशावळ ही आजोळची वंशावळ असते. ती किती फसवूं शकते, याचें उत्तम उदाहरण याच कुलांत आहे, आणि तें म्हणजे कापूस. विदर्भांत व खानदेशांत पूर्वापार लावली जाणारी देशी कपाशी ही जुन्या जगांतली. तिच्या पेशींत २६ गुणसूत्रें असतात. अमेरिकन कपाशींत तीं ५२ असतात, कारण सुमारें दहा ते वीस लक्ष वर्षांपूर्वीं दोन निरनिराळ्या कापसांच्या संकरांतून तिचा जन्म झाला. त्यांतील एक पूर्वज देशी कपाशीच्या गोत्रांतला होता आणि दुसरा अमेरिकेंतील रानकापसांच्या. मातेच्या ठिकाणीं होता तो पहिला. म्हणून केवळ हरितकण तपासणाऱ्याला अमेरिकन कपाशी संपूर्णपणें जुन्या जगांतलीच भासेल आणि तिचें अर्धें घराणें त्याच्या दृष्टीआड राहील.

याच कारणास्तव अलीकडे पेशीकेंद्रांतील, म्हणजे माता व पिता या दोघांकडून आलेल्या, शेंकडों जनुकांचा उपयोग करण्यांत येतो. लंडनजवळील क्यू येथील वनस्पति-उद्यानाच्या पुढाकारानें साऱ्या सपुष्प वनस्पतींची जी वंशावळ २०२४ सालीं प्रसिद्ध झाली, ती ३५३ जनुकें आणि ९,५०० हून अधिक जाति यांवर आधारलेली आहे. तींतील पुष्कळ नमुने ताज्या पानांचे नसून संग्रहांत कागदावर चिकटवून ठेवलेल्या वाळक्या फांद्यांचे होते. त्यांपैकीं कांहीं तर जवळजवळ दोनशें वर्षांचे जुने होते. ज्या संग्राहकांनीं त्या फांद्या जतन केल्या त्यांना डी. एन. ए. हा शब्दहि ठाऊक नव्हता. तरी त्यांचें काम आज उपयोगीं पडलें.

इतका पुरावा हातीं आल्यावर वाद मिटावयास हवा होता. पण तो पूर्णपणें मिटलेला नाहीं, आणि त्याचें कारण ध्यानांत घेण्यासारखें आहे. वंशावळ हें सांगते कीं कोणती शाखा कोणत्या शाखेपासून फुटली. पण त्यांतील कोणत्या फाट्याला 'कुल' म्हणावें, हें वंशावळ सांगत नाहीं. तें माणसांनीं ठरवावयाचें असतें. सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणासाठीं एकत्र आलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळानें १९९८ सालीं चारहि कुलांचें एकच विशाल भेंडी-कुल मानलें. १९९९ सालीं त्याचीं नऊ उपकुलें पाडण्यांत आलीं. या विशाल कुलांत सुमारें २४० प्रजाति व ४,२०० हून अधिक जाति येतात, आणि त्यांतील बहुसंख्य उष्ण कटिबंधांत वाढतात. उलट क्यू येथील मार्टिन चीक यांनीं २००७ सालीं तीच वंशावळ समोर ठेवून त्या शाखांचीं दहा स्वतंत्र कुलें मानावीं, असा पक्ष मांडला. एक विशाल कुल केल्यानें तें ओळखण्याची सोपी खूण उरत नाहीं, हा या बाजूचा आक्षेप. तर दहा कुलें केल्यानें त्यांचें परस्परांतील घट्ट नातें नांवांतून लोपतें, हा दुसऱ्या बाजूचा. दोन्ही पक्षांत एका गोष्टीविषयीं मात्र मतभेद नाहीं : जुन्या चार कुलांच्या सीमा जशाच्या तशा आतां टिकणाऱ्या नाहींत.

ही सारी नांवांची उठाठेव विद्वानांपुरतीच आहे, असें कोणाला वाटेल. पश्चिम आफ्रिकेंतील कोकोचा इतिहास तसें म्हणूं देत नाहीं. कोको मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. गोल्ड कोस्टमध्यें, म्हणजे आजच्या घानामध्यें, त्याची लागवड एकोणिसाव्या शतकांत सुरू झाली आणि पाहतां पाहतां त्या देशाचा संसार त्यावर चालूं लागला. १९३६ सालीं तेथील कोकोच्या फांद्या ठिकठिकाणीं सुजून झाडें मरत असल्याचें निदर्शनास आलें. हा रोग एका विषाणूचा असून पिठ्या ढेकूण त्याचा प्रसार करतात, हें पुढें सिद्ध झालें. उपाय एकच होता, रोगट झाडें तोडून टाकण्याचा. कोट्यवधि झाडें तोडलीं गेलीं. फळांनीं लगडलेलीं झाडें सरकारी माणसांनीं आपल्या डोळ्यांदेखत पाडावीं, हें शेतकऱ्यांना सहन होईना. १९४८ सालीं अक्रा येथें ज्या दंगली झाल्या त्यांच्या चौकशींत या झाडतोडीमुळें पसरलेला असंतोष हें एक कारण म्हणून नमूद झालें.

हा विषाणू कोकोबरोबर अमेरिकेंतून आला नव्हता. तो आफ्रिकेच्या रानांतच होता. शोध घेतांना तो पांढऱ्या सांवरींत, गोरखचिंचेंत आणि कोलाच्या रानटी जातींत सांपडला. त्या वेळच्या ग्रंथांप्रमाणें यांतील पहिलीं दोन झाडें कोकोच्या कुलांतलीं नव्हतीं. पण आजच्या वंशावळींत तीं तिन्हीं कोकोच्याच विशाल कुलांत येतात. समुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्याचें गोत्र विषाणूनें शास्त्रज्ञांच्या पूर्वींच ओळखलें, असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं. केवळ एका रोगावरून कुल ठरत नाहीं, हें खरें. परंतु एकदां नातें ठाऊक असलें, म्हणजे रोगाचा आश्रय प्रथम कोठें शोधावा याची दिशा मिळते. महाराष्ट्रांतील कापसाच्या शेतकऱ्याला याचा अनुभव आहेच. कपाशीवरील ठिपक्यांची बोंडअळी बांधावरच्या भेंडीवरहि पोसते, आणि बोंडांतील सरकी शोषणारे तांबडे ढेकूण सांवरीच्या बियांवरहि जगतात. हीं सारीं एकाच घरचीं माणसें आहेत, हें किडीला सांगावें लागत नाहीं.

या विशाल कुलांतील नऊ शाखांपैकीं कांहींचा परस्परांशीं नेमका क्रम काय, याचा अभ्यास अजून चालू आहे, आणि नवीं जनुकें वाचलीं जातील तसे त्यांत फेरफार होतील. कुलाचें नांव एक राहिलें काय किंवा दहा झालीं काय, माघांत फुलणाऱ्या सांवरीला त्याचें कांहीं नाहीं. पण एखाद्या पिकावर नवा रोग आला, किंवा त्या पिकासाठीं रोगाला दाद न देणारा रानांतला भाऊबंद हवा झाला, तर शेंकडों झाडांपैकीं आधीं कोणत्या झाडाकडे जावें, हें ज्या वंशावळीवरून कळतें ती बरोबर असली पाहिजे.